तीन नंबरचा फिटर

आयटीआयच्या शेवटच्या महिन्यात आमच्या निदेशकांनी फळ्यावर एक जिना काढला होता. सगळ्यात खाली फिटर, त्याच्या वर सीनियर फिटर, मग चार्जमन, फोरमन आणि टोकाला मेन्टेनन्स इंजिनियर. "या लाइनीत माणूस कधी रिकामा बसत नाही," ते म्हणाले. "फक्त पुढं शिकत राहायचं. नवं मशीन आलं की नवं शिकायचं आणि एक पायरी चढायची." ते स्वतः त्याच वर्गात, त्याच खाकी कोटात किती वर्षं उभे होते, हे विचारायचं आम्हा कुणाला सुचलं नाही. धुळ्याच्या त्या वर्गातून मी तो जिना डोक्यात घालून निघालो आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सिल्वासाला येऊन पडलो.

आता कुणी माझ्यासमोर 'मेन्टेनन्समधलं करियर' असा शब्द काढला की तोंड कडू होतं. कामाला मी नावं ठेवत नाही. मशीनच्या अंगावर हात ठेवला की कुठलं बेअरिंग जायच्या बेतात आहे ते कळणं, बंद पडलेलं धूड परत सुरू होताना तो आवाज ऐकणं, यात मजा असते आणि ती मी भरपूर घेतली. मला शिसारी आली ती वर जायच्या वाटेची. त्या वाटेवर कुणाला सोडतात आणि कुणाला अडवतात, ते मी फार जवळून पाहिलं, आणि अडवलेल्यांत मी स्वतःच होतो.

आमचा कारखाना पॉलिस्टरच्या सुताचा. बाहेरून सरळ, गुळगुळीत सूत यायचं. ते तापलेल्या पट्टीवरून ओढून, पिळून फुगवायचं, म्हणजे साडीच्या कापडाला चालायचं. त्या सुताला तेल लावलेलं असायचं आणि ते पट्टीवर जळायचं. त्याची वाफ छतावर बसायची, पंख्याच्या पात्यांवर बसायची, आमच्या कानामागे बसायची. पट्ट्या साफ करायचं काम मेन्टेनन्सकडे. तारेच्या ब्रशनं घासलं की काळा, चिकट, गुळाच्या काकवीसारखा लगदा निघायचा आणि तो नखात जाऊन बसायचा. साबण, रॉकेल, लाकडाचा भुसा, सगळं करून पाहिलं. डब्यातल्या भाकरीलाही तोच वास यायचा. पहिल्या दिवाळीला घरी गेलो तर आईनं मला आधी मोरीत पाठवलं आणि मग जवळ घेतलं.

रविवारची सुट्टी हा तर आणखी निराळाच प्रकार. आजूबाजूला गुजरात, तिथे दारूबंदी, आणि केंद्रशासित सिल्वासात दुकानं उघडी. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी वलसाड-सुरतेकडची बरीचशी माणसं गाड्या भरभरून यायची आणि संध्याकाळी रस्त्याच्या कडेला ओकत बसायची. आम्ही किलवणीच्या बाजूला खोली घेतली होती. तिथून नाक्यावर भाजी आणायला जायचं तरी खाली बघून पाय टाकावा लागे. मला वाटायचं, दोन-तीन वर्षं काढू, काहीतरी शिकून घेऊ आणि या घाणीतून वर निघू.

खोलीत माझ्याबरोबर नंदुरबारकडचा एक जण राहायचा. तोही आमच्याच खात्यात फिटर. आम्ही एकमेकांना पार्टनर म्हणायचो. स्वभावानं वाईट नव्हता, पण मला त्याच्याकडे बघवत नसे. कान कोरायला तो स्प्रिंगची तार वापरायचा आणि तीच तार पँटला पुसून परत खिशात ठेवायचा. जेवताना बोटं इतकी मन लावून चाटायचा की माझं जेवण तिथंच थांबायचं. कारखान्यात काम निघालं की हा कॉम्प्रेसरच्या खोलीमागे पुठ्ठे अंथरून झोपलेला. उठवला तर डोळे चोळत यायचा, मशीनकडे बघायचा आणि शांतपणे म्हणायचा, "माले येत नही भो." मला येत नाही. हे तो लाज वाटून म्हणत नसे. रेशनच्या दुकानात कार्ड दाखवावं तसं तो ते वाक्य दाखवायचा.

तीन नंबरचं मशीन त्या काळात एका उस्तादाच्या ताब्यात होतं. उस्ताद उत्तर प्रदेशातला, पिकलेल्या मिशांचा, पान खाणारा. मशीन जुनं, दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यातून आणलेलं, आणि फार खोडकर. त्याचा मुख्य पट्टा एका बाजूला सरकायचा आणि मग सगळं सूत तुटायचं. तो पट्टा जाग्यावर कसा बसवायचा हे फक्त उस्तादाला ठाऊक. आमच्या धंद्यात तेव्हा एक रीतच होती. उस्ताद नेमक्या वेळी शिकाऊ माणसाला हाकलायचा. सगळे नट सोडून झाले, आता खरी सेटिंग करायची, की उस्ताद मान न वळवता म्हणायचा, "जा, चाय बोल के आ." चहा सांगून परत यावं तर नट घट्ट झालेले आणि उस्ताद हात पुसत बसलेला. असे चहा सांगून सांगून लोकांची वर्षं गेली आहेत.

मला शिकायची हाव होती. मी एक दिवस कँटीनवाल्याला आधीच सांगून ठेवलं. उस्तादानं "चाय" म्हणायचा अवकाश, चहा हजर. मग त्यानं बिडी मागितली. ती माझ्या खिशात होती. काडेपेटी मागितली, तीही होती. त्यानं पानाची पिंक भिंतीवर टाकली, आईवरून एक शिवी दिली आणि म्हणाला, "ठीक है. देख ले." त्यानं मला सगळं दाखवलं. पट्ट्याच्या कप्पीखाली पत्र्याची पातळ पट्टी कुठं सारायची, मशीन गरम झाल्यावर ती किती ओढून घ्यायची, थंडीत काय फरक करायचा. इतक्या लवकर तो तयार झाला याचंच मला नवल वाटलं, आणि आपण फार हुशार असंही वाटून गेलं.

पुढच्याच महिन्यात उस्ताद सुट्टीवर गावाला गेला आणि परत आलाच नाही. नंतर कळलं की त्याला कित्येक वर्षं धड सुट्टीच मिळत नव्हती. तीन नंबर दुसऱ्या कुणाला येत नाही, म्हणून साहेब सोडत नव्हते. आधी त्यानं विद्या लपवली ती नोकरी टिकावी म्हणून, आणि टिकलेली नोकरी गळ्याशी आल्यावर ती माझ्या पदरात टाकून तो निसटला. एखाद्याची खरूज दुसऱ्याला लागावी तसं ते मशीन मला लागलं. त्या दिवसापासून मी तीन नंबरचा फिटर झालो. गेटवरचा वॉचमनसुद्धा मला तसंच ओळखायला लागला.

आमचे मेन्टेनन्सचे साहेब गुजराती, अंगानं भरलेले, हातात कायम किल्ल्यांचा जुडगा. बोलायला गोड. तीन नंबर थांबलं की त्यांचा माणूस माझ्या खोलीवर यायचाच. सण असो, ताप असो. माझ्या लग्नाच्या वेळी मी हळदीच्या अंगानं कामावर हजर झालो नाही एवढंच. सत्यनारायण उरकला त्याच दिवशी परतलो होतो. बायको किलवणीला आली तेव्हा पार्टनर शेजारच्या खोलीत गेला. ती बिचारी पहिल्या आठवड्यात रोज विचारायची, "अहो, तिथं दुसरं कुणी नाही का?" दुसरं कुणी होतं. ते शेजारच्या खोलीत झोपलेलं असायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बातमी आली की कारखान्यात परदेशी मशीन येणार. त्यांच्यात गिअर कमी आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं जास्त. पट्टा सरकला तर मशीनच सांगणार की मी सरकलो. विकणारी कंपनी आमच्यातल्या एकाला मुंबईला नेऊन काही महिने शिकवणार होती. साहेबांनी हे सगळ्यांसमोर, आवारात उभं राहून सांगितलं. आजूबाजूच्या कारखान्यांतही तशीच मशीन यायला लागली होती. ज्याला ती उघडता येतील तो चार्जमन होणार, फोरमन होणार. ज्याला येणार नाहीत तो जन्मभर पट्ट्या घासणार, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुंबईची ती एक जागा म्हणजे माझ्यासाठी सगळं काही होतं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि मला पाठवा म्हणून सांगितलं. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. "तू सबसे लायक छे," ते म्हणाले. "पण तू गयो तो तीन नंबर कोण जोशे?" तू गेलास तर तीन नंबर कोण बघणार, हा प्रश्न त्यांनी मला असा विचारला की जणू मशीन माझी म्हातारी आई आहे. मी म्हटलं, दुसऱ्याला तयार करतो. साहेब म्हणाले, कर, ज्या दिवशी तो तयार होईल त्या दिवशी तू मुंबईला.

मी त्याच दिवशी पार्टनरला धरलं. कॉम्प्रेसरच्या मागून उठवून आणलं. मी काही लपवणार नव्हतो. चहा सांगायला पाठवणार नव्हतो. उलट चहा मीच आणून दिला. म्हटलं, बस इथं, सगळं दाखवतो. त्यानं कप घेतला, बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायला, आणि मिशी तळहाताला पुसून म्हणाला, "भो, माले नही शिकनं."

"का?"

"तू शिकी लिन्हं, तुन्हं काय भलं व्हयनं?"

तू शिकलास, तुझं काय भलं झालं, असं त्याचं म्हणणं. तो पुढं सांगायला लागला. आपल्या खात्यात ज्याला येतं त्यालाच बोलावतात. ज्याला येत नाही त्याला शिव्या देतात, शिव्या लागत नाहीत, झोप लागते. उस्तादाचं काय झालं ते त्यानं पाहिलं होतं, माझं काय चाललंय ते रोज पाहत होता. त्यानं हा सगळा हिशेब कधीच मांडून ठेवला होता, आणि मी त्याला आळशी समजत होतो. आळशी तो होताच. पण त्याच्या आळसाला अक्कल होती, आणि माझ्या मेहनतीला ती नव्हती, याचा मला भयंकर राग आला.

मी इतरांना विचारलं. सगळ्यांनी तोंडं फिरवली. एकाला पाठदुखी निघाली, एकाला मशीनची भीती वाटायला लागली, एक जण तर म्हणाला की माझा हात अपशकुनी आहे. चांगली धडधाकट, डिप्लोमा-आयटीआय झालेली माणसं आपल्याला काही येत नाही हे पटवायला धडपडत होती. नट उलटा फिरवून दाखवत होती. लग्नाला उभ्या मुलीचे गुण सांगावेत तसे आपले अवगुण सांगत होती. शिकायला नको म्हणून इतके कष्ट घेणारी माणसं मी पुन्हा कुठं पाहिली नाहीत.

मुंबईला कुणाला पाठवायचं हे ठरायची वेळ आली तेव्हा साहेबांनी साधा विचार केला. कोण गेला तर उत्पादन अडणार नाही? पार्टनर गेला तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून पार्टनर गेला. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात पत्र्याची ट्रंक मागायला आला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी ट्रंक दिली. तो खजील वगैरे झालेला नव्हता. "मी मांगं नव्हतं भो," एवढं म्हणाला. मी मागितलं नव्हतं. खरंच होतं ते, आणि म्हणूनच ऐकवेना.

साहेब मला म्हणाले की पुढची जागा तुझीच. मी तोवर हातावर हात ठेवून बसणार नव्हतो. वापीला एक जण रविवारी इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग घ्यायचा. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले, गिरणीतले वायरमन, असे आम्ही सगळे एका गोदामाच्या माळ्यावर बसायचो. ट्रान्झिस्टर म्हणजे काय ते मला तिथं कळलं. घरी येऊन मी बायकोला पाण्याच्या नळाचं उदाहरण देऊन समजावायचो आणि ती भाकऱ्या थापत हं हं करायची. फार दिवसांनी मला डोकं लख्ख झाल्यासारखं वाटायला लागलं.

मग एका रविवारी, ऐन धड्यात, कारखान्याच्या जीपचा ड्रायव्हर माळ्याच्या दारात उभा राहिला. सगळ्या वर्गासमोर त्यानं मला बोटानं बोलावलं. "चलो, तीन नंबर बंद है." मास्तर फळ्याकडे तोंड करून थांबले. मी म्हटलं, वर्ग सुटल्यावर येतो. ड्रायव्हर म्हणाला, साहेब खाली जीपमध्ये बसलेत. मला उठावं लागलं. जीपमध्ये साहेबांनी मला केळी दिली आणि रस्ताभर माझं कौतुक केलं. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी मास्तर म्हणाले, "तुम्ही आधी तुमच्या कंपनीचं बघा, मग या. बाकीच्यांचा खोळंबा होतो." त्यांचं चुकलं नाही. मी वही गुंडाळून पिशवीत घातली आणि खाली उतरलो.

पार्टनर मुंबईहून परतला तो इस्त्रीच्या शर्टात. मला मनातून वाटत होतं की हा तिथंही झोपला असणार, आता नवीन मशीनसमोर उभा राहील आणि म्हणेल, येत नही. मी त्या क्षणाची वाट पाहत होतो, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. पण तसं काही झालं नाही. त्याला यायला लागलं होतं. नवीन मशीन वेगळ्या शेडमध्ये बसवली होती, तिथं गार हवा होती आणि देवळात जावं तशा चपला बाहेर काढाव्या लागत. हा आत नकाशा पसरून शांतपणे एकेक कार्ड तपासायचा, मीटर लावायचा, डोकं खाजवायचा आणि दोष शोधून काढायचा. कुणीतरी पहिल्यांदाच त्याला नीट बसवून, काहीही न लपवता शिकवलं होतं, तर गडी शिकला. कान मात्र अजून त्याच तारेनं कोरायचा.

मी काचेतून बघायचो. माझ्या बुटांना काळं लागलेलं असे, म्हणून मला आत मनाई होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याला म्हटलं, मला थोडं दाखव. तो लगेच तयार झाला, हेही सांगायला हवं. आम्ही चार-दोन वेळा बसलो. तो चांगलं समजावायचा, पण दर वेळी माझ्या नावानं पुकारा व्हायचा आणि मला तीन नंबरकडे पळावं लागायचं. आणि मग वर्षाच्या आत पार्टनर दमणच्या एका कारखान्यात चार्जमन म्हणून निघून गेला. जाताना ट्रंक परत करायला आला, तर ती आतून पुसूनसुद्धा आणलेली नव्हती.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, आता माझी पाळी. साहेबांचा चेहरा पार बदललेला. कारखान्याच्या मालकानं, म्हणजे शेठनं, सांगितलं होतं की आता कुणालाही शिकवायला पाठवायचं नाही. शिकवायचं आणि शिकला की पळून जायचा, असला धंदा नको. बिघाड झाला तर विकणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावू. मी म्हटलं, साहेब, मी इतकी वर्षं कुठं पळालो? साहेब हसले. "तू नही भागेगा," ते म्हणाले, "मुझे मालूम है." पळालेल्याची शिक्षा न पळणाऱ्याला मिळते आणि वर त्याला शाबासकी म्हणून हसूही मिळतं. त्या हसण्यानं माझं अंग शहारलं, झुरळ चालून गेल्यासारखं.

त्या भागातल्या कारखान्यांचं आणखी एक गंमतशीर आयुष्य होतं. नव्या कारखान्याला काही वर्षं कर माफ असायचा. ती वर्षं सरली की आमच्यासारखा कारखाना कागदावर मरायचा आणि त्याच कुंपणाच्या आत नव्या नावानं जन्मायचा. गेट तेच, वॉचमन तोच, आवारातली कुत्री तीच. फक्त पाटी रंगवायची. आमचाही हिशेब करून आम्हाला काढलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं जायचं, नवीन माणूस म्हणून. माझं असं दोनदा झालं. दुखऱ्या गुडघ्यांनिशी मी नवा झालो. मी सीनियर फिटर कधी होणार, असं विचारलं तर उत्तर तयार असायचं की तू तर आत्ताच लागलायस.

दुसऱ्यांदा नाव बदललं तेव्हा नव्या कंपनीला जुनी मशीन नको होती. ती विकायला काढली. मला हे कळलं तेव्हा मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की तीन नंबर जातंय. आम्ही दोघांनी त्या दिवशी बाहेर जाऊन भजी खाल्ली. माझ्या मानेवरचा दगड उतरणार होता. मशीनच नसेल तर मला अडवायचं निमित्तही नसेल. आता तरी मला गार शेडमध्ये घेतील, कुणाच्या तरी हाताखाली बसवतील, निदान शिकू देतील. पस्तिशी जवळ येत चालली होती, पण डोकं अजून चालत होतं.

विकत घेणारा शेठ गलोंड्याच्या बाजूचा. लहानशी शेड टाकून नव्यानं सुरू करणार होता. साहेबांनी मला बोलावून मशीन चालवून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मला ते वाईट चालवून दाखवता आलंच नसतं. हात ऐकत नाहीत. पट्टा जागच्या जागी, सूत सरळ, कुठं तूट नाही. शेठ मशीनभोवती फिरला, वाकून खाली बघितलं, मग सरळ होऊन त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि साहेबांना विचारलं, "आ भाई साथे आवशे ने?"

"साथे ज आवशे," साहेब म्हणाले. "एना वगर तो आ लोखंड छे." हा बरोबरच येणार, याच्याशिवाय हे नुसतं लोखंड आहे.

दहा-बारा वर्षांत माझ्या कामाची एवढी किंमत त्यांनी कुणासमोर बोलून दाखवली नव्हती. शेठ चहा प्यायला आत गेला तेव्हा मी साहेबांना गाठलं आणि विचारलं, साहेब, आणि माझं ट्रेनिंग? माझा आवाज चढला होता. साहेबांना खरोखरच प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अब तुझे ट्रेनिंग का क्या काम? वही मशीन है. तुझे तो सब आता है." वर असंही म्हणाले की इथं तुझ्या वर माणसं होती, तिथं तू पहिल्या दिवसापासून सगळ्यांत मोठा. त्यांचा हात जड होता आणि त्याला गुटख्याचा वास होता. मला तो झटकून टाकावासा वाटला आणि मी झटकला नाही.

आठवडाभर मी दुसरीकडे फिरलो. आमळीच्या बाजूला, पिपरियाच्या बाजूला, गेटागेटावर. सगळीकडे एकच विचारायचे, पॅनल येतं का? कार्ड बघता येतं का? मी पट्ट्याचं, बेअरिंगचं सांगायला लागलो की समोरचा माणूस घड्याळ बघायचा. एका ठिकाणी तर माझ्याहून कितीतरी लहान सुपरवायझर म्हणाला, "काका, हेल्परमध्ये जागा आहे." घरी पोरगी शाळेत जायला लागली होती. माझ्या चेहऱ्यावरून बायकोनं ओळखलं आणि ताट वाढलं. मी गलोंड्याला होकार कळवला.

मशीन मीच खोललं. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतंच. एकेक भाग उतरवून, पोत्यात गुंडाळून ट्रकवर चढवला. सांगाडा दोरखंडानं बांधला, तरी रस्ता खराब, तो हलेल म्हणून शेठनं सांगितलं की फिटरनं मागंच बसावं आणि धरून ठेवावं. ड्रायव्हरच्या शेजारची जागा रिकामी होती. निघताना साहेब गेटपर्यंत आले. शेठच्या माणसानं चढवलेला माल मोजला: सांगाडा, मोटार, कप्प्या, पेट्या, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, बरोबर आहे, सगळं आलं.

भर दुपारचं ऊन होतं. ट्रक खड्ड्यातून जाताना सांगाडा माझ्या छातीवर यायचा आणि मी पाय रोवून त्याला मागं ढकलायचो. त्याचा तोच जळक्या तेलाचा वास माझ्या नाकातोंडात जात होता. अर्ध्या वाटेत मी तीन नंबरच्या अंगावर थुंकलो, चांगला तोंड भरून. थुंकी लोखंडावरून खाली ओघळायला लागली. मग खिशातली चिंधी काढली आणि पुसून घेतली, कारण तिथं गंज धरला असता तर तो मलाच घासावा लागला असता.